शिवेवरचा पूल

ठाण्याहून कल्याणकडे निघालेली गाडी स्टेशन सोडते न सोडते तोच खाडीच्या पुलावर येते. चाकांचा आवाज बदलतो, खालून खारा वारा वर येतो, दोन्ही बाजूंना पाणी आणि तिवरं दिसतात आणि समोर पारसिकचा डोंगर उभा राहतो. पावसाळा सरता सरता, भरती चढलेली असताना, हे दृश्य पाहावं. मुंबईच्या लोकल प्रवासात इतकं मोकळं आकाश आणि इतकं पाणी फार कमी ठिकाणी एकत्र दिसतं. रोज लाखो माणसं ह्या पुलावरून जातात. त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल, की आपण जे पाणी ओलांडतो ती एके काळी दोन राज्यांमधली सरहद्द होती? अलीकडे कंपनी सरकार, पलीकडे पेशवे.

हा इतिहास थोडक्यात असा. ठाणे आणि साष्टी बेट पोर्तुगीजांकडे होतं. १७३७ साली ते मराठ्यांनी घेतलं. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याच्या किल्ल्याला वेढा घालून तो जिंकला. पुढे मराठे आणि इंग्रज यांचं पहिलं मोठं युद्ध झालं, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी कंपनीकडे राहिली, तर वसई आणि कल्याण मराठ्यांना परत मिळालं. १८१७ च्या जूनमध्ये पुण्याच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाला उत्तर कोकण सोडावं लागलं. मधली ३५ वर्षं ठाण्याची खाडी ही खरीखुरी आंतरराष्ट्रीय सीमा होती. ठाणे एका देशात, कळवा, डोंबिवली आणि कल्याण दुसऱ्या देशात.

असे सीमेवरचे पूल पाहायला माणसं जगाच्या पाठीवर कुठे कुठे जातात. डोंबिवलीतल्या कितीतरी घरांतली मुलं अमेरिकेत आहेत, आणि आईवडील तिकडे गेले की नायगारा बघून येतात. तिथला रेनबो ब्रिज १९४१ साली खुला झाला. एका टोकाला अमेरिका, दुसऱ्याला कॅनडा, खाली नदी, बाजूला कोसळणारा धबधबा, आणि मधोमध सीमा. त्या सीमेच्या खुणेपाशी उभं राहून काढलेला फोटो घरोघरी कौतुकाने दाखवला जातो, आणि तो दाखवावा असाच असतो. त्याच कौतुकाने कधीतरी आपल्या खाडीकडेही पाहिलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. इथे सीमेची पाटी नाही, झेंडे नाहीत. पण भाषेने त्या सीमेची नोंद फार बारकाईने ठेवली आहे.

पहिला शब्द शीव. गावाची हद्द ती गावाची शीव. शिवेच्या आतली जमीन ते शिवार. हा शब्द संस्कृत सीमा ह्या शब्दातून आलेला आहे. प्राकृतातून मराठीत येताना दोन स्वरांमधल्या म चा व होतो, आणि तो आधीच्या स्वराला नाकात ढकलतो. ग्राम, गांव. नाम, नांव. कुमार, कुंवर. तसंच सीमा, शींव. जुन्या मराठी लेखनात गाव, नाव, शीव ह्या शब्दांवर अनुस्वार दिला जाई, तो ह्या हरवलेल्या म ची खूण म्हणून. १९६२ च्या लेखननियमांनी उच्चारात नसलेले असे अनुस्वार काढून टाकले. लिहिणं सोपं झालं हे खरंच. मात्र जुना छापील मजकूर वाचताना गांव वरचा तो ठिपका दिसला की मला दोन हजार वर्षांपूर्वीचं एक व्यंजन अजून तिथे बसून असल्यासारखं वाटतं, आणि त्याची आठवण ठेवणारं लेखन आपण इतक्या सहज सोडून दिलं याची हळहळ वाटते.

मुंबईकरांना शीव म्हटलं की स्टेशन आठवतं. ते स्टेशन म्हणजे ह्या शब्दाचं जिवंत उदाहरण आहे. १६६१ च्या लग्नकराराने मुंबई इंग्लंडच्या राजाकडे गेली, साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली. मुंबई बेटाचा उत्तरेकडचा शेवट, जिथे एक राज्य संपून दुसरं सुरू होई, ती जागा शीव. जेराल्ड आँजिये गव्हर्नर असताना इंग्रजांनी तिथल्या टेकडीवर किल्ला बांधला, तो आजही आहे. गोऱ्यांच्या तोंडी शीवचं सायन झालं, आणि मग बायबलातल्या झायन पर्वताशी त्याचं नातं जोडणाऱ्या कथाही तयार झाल्या. खरं नातं मात्र आपल्या शिवाराशी आहे. म्हणजे आधी शीव शीवला होती. मग १७७४ ला इंग्रज ठाण्यापर्यंत सरकले, आणि शीव खाडीवर आली. मध्य रेल्वेच्या ज्या मार्गाने आज आपण तासाभरात जातो, त्याच मार्गाने एका राज्याची सीमा शंभर वर्षांत सरकत गेली.

साष्टी हे नावही मोजणीतून आलेलं आहे. सहासष्ट गावांचा प्रदेश तो साष्टी. गोव्यात मडगावच्या बाजूचा सासष्टी तालुका आहे, त्याचं नाव त्याच आकड्यावरून पडलं, आणि पोर्तुगीजांनी दोन्हींचा उच्चार जवळपास सारखाच बदलून टाकला.

ठाणे ह्या नावात तर सीमेचा पहाराच ऐकू येतो. संस्कृत स्थान, त्यातून ठाण, ठाणं. शिलाहारांच्या ताम्रपटांत ह्या शहराचं नाव श्रीस्थानक असं येतं, ते राजधानीचं नाव म्हणून. पण मराठीत ठाणं म्हणजे चौकीपहाऱ्याची जागासुद्धा. पोलीस ठाणं आपण म्हणतोच, आणि एखादा हलेना तर त्याने ठाण मांडलं म्हणतो. राजधानीचं ठाणं पुढे सीमेवरचं ठाणं झालं, ते शब्दाचं एक अक्षरही न बदलता.

आणि कल्याण? इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांचं वर्णन लिहून ठेवलं आहे. त्यात कल्याण कल्लिएना ह्या नावाने येतं. तो सांगतो की हे बंदर पूर्वी परदेशी व्यापाराला खुलं होतं, पण नंतर सत्ता बदलली आणि वाट अडली. आता चुकून एखादं ग्रीक जहाज तिथे आलंच तर ते पहाऱ्यात भडोचला नेलं जातं. सीमेवरच्या अडवणुकीची ही तक्रार जवळपास दोन हजार वर्षं जुनी आहे, आणि ती आपल्या कल्याणबद्दल आहे. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांच्या शिलालेखांतही कल्याणच्या लोकांची नोंद आहे. हे शहर आल्यागेल्यांच्या पावलांवर वाढलेलं आहे.

आता पुलाकडे येतो. मराठीत पुलाला तीन शब्द आहेत, आणि तिन्ही वेगवेगळ्या वाटांनी आले आहेत. त्यांतला मला सर्वांत प्रिय साकव. ओढ्यावर दोन ओंडके टाकले, वर फळ्या किंवा बांबू बसवले, की साकव झाला. शहापूर, मुरबाडच्या बाजूला आणि सबंध कोकणात हा शब्द नांदता आहे. मोल्सवर्थच्या कोशात तो सांकव असा अनुस्वारासह सापडतो, तो अनुस्वार संक्रम मधल्या सं चा, आणि शेवटच्या म चा व झालेला आहे. संस्कृत संक्रम, प्राकृत संकम, मराठी सांकव. सीमेची जी शीव झाली, त्याच नियमाने संक्रमाचा साकव झाला. सीमा आणि ती ओलांडायचं साधन, दोघांनी मराठीत येताना एकच उंबरठा ओलांडला. बंगालीत बांबूच्या पुलाला साँको म्हणतात, तोही ह्याच घरातला. आणि संक्रम म्हणजे ओलांडणं, तेव्हा सूर्य मकर राशीत ओलांडून जातो ती संक्रांत साकवाची सख्खी बहीण. तिळगूळ देताना कोणाच्या मनात ओढ्यावरचा ओंडका येत नाही, पण शब्दाच्या पोटात तो आहे.

सरकारी कामकाजात साकव अजून टिकून आहे ही फार चांगली गोष्ट आहे. जिल्हा परिषदेच्या कामांत साकवांची वेगळी तरतूद असते, अंदाजपत्रकात हाच शब्द येतो. प्रशासनाने एखादा देशी शब्द इतका नेमका आणि इतक्या वर्षांपासून वापरावा, असं क्वचितच घडतं.

पूल हा फारसीतून आला. इराणात दिझफुल नावाचं शहर आहे, त्याच्या नावातला फुल म्हणजे आपला पूलच, किल्ल्याजवळचा पूल. पण फारसीच्या मागे गेलं की गंमत कळते. अवेस्ताच्या भाषेत पेरेतु म्हणजे ओलांडायची जागा, उतार, पूल. मधल्या इराणी भाषेत त्याचं पुह्ल झालं, आणि मग पूल. ह्यात र आणि त यांच्या जोडीचं ह्ल कसं झालं, असं वाटेल. पण हाच बदल आपल्या ओळखीच्या आणखी एका शब्दात झाला आहे. पार्थव लोकांचे पह्लव झाले, पह्लवांपासून पहलवान आला, आणि आपल्या तालमीत त्याचा पैलवान झाला. म्हणजे पूल आणि पैलवान यांच्या उच्चारावर एकाच इराणी नियमाचा हात फिरलेला आहे.

ह्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. अवेस्तातला पेरेतु आणि संस्कृतातला पार हे एकाच मूळ धातूचे. पार म्हणजे पलीकडचा काठ. तेव्हा पूल पार केला असं आपण म्हणतो, त्यातले दोन्ही शब्द मुळात भाऊ आहेत. एक इराणच्या वाटेने आला, एक इथेच राहिला, आणि मराठी वाक्यात दोघे पुन्हा शेजारी बसले. युरोपातही हे कुटुंब पसरलेलं आहे. इंग्रजीतला नदीच्या उताराचा फोर्ड आणि लॅटिनमधून आलेलं बंदराचं पोर्ट ही त्याच कुळातली. मग पासपोर्टमधलं पोर्ट आणि त्याला आपण दिलेल्या पारपत्र ह्या नावातलं पार हे सुद्धा एकाच कुळातले. पारपत्र हा शब्द घडवणाऱ्याच्या मनात हे नातं होतं की नाही कोण जाणे, पण शब्द असा जमून आला आहे की त्याला सलाम करावा. आपण तो बोलण्यात वापरत नाही, अर्जाच्या कागदावर पाहतो आणि सोडून देतो.

ठाण्यात टेंभी नाक्याला पारशांची अग्यारी आहे. त्यांच्या धर्मग्रंथांत चिन्वत नावाचा पूल येतो. मेल्यावर प्रत्येक जिवाला तो ओलांडावा लागतो. सज्जनासाठी तो रुंद होतो, दुर्जनासाठी धारेइतका अरुंद. त्या पुलाच्या नावातही तोच पेरेतु आहे. इहलोक आणि परलोक यांच्या शिवेवरचा पूल. आपण कळव्याला जाताना जो शब्द वापरतो, त्याच्या मुळाशी एवढा पल्ला आहे.

कल्याणकरांसाठी पूल म्हणजे पत्री पूल. तो नदीवर नाही, रुळांवर आहे. इंग्रजांच्या काळातला तो लोखंडी पूल धोकादायक झाला म्हणून २०१८ च्या नोव्हेंबरात पाडला, आणि नवा २०२१ च्या जानेवारीत खुला झाला. मधल्या काळात शहराचे जे हाल झाले ते इथल्या कोणालाही विचारावेत. पत्री म्हणजे पत्र्याचा, आणि पत्रा हा संस्कृत पत्रातून, म्हणजे पानातून आलेला. पान जसं पातळ, तशी धातूची चादर पातळ. त्याच पत्रातून लिहिलेलं पत्र आलं, लग्नाची पत्रिका आली, आणि गणपतीला वाहतात ती पत्रीही. जुना पूल गेला, नव्या पुलाची बांधणी अगदी निराळी, तरी लोकांनी नाव बदललं नाही. असं नाव टिकवण्याचं काम कुठलीही समिती करू शकत नाही, ते रिक्षावाले आणि भाजीवाले करतात.

तिसरा शब्द सेतू. आजकाल मोठ्या पुलांना हे नाव देतात. वांद्रे-वरळीचा सागरी सेतू, शिवडी-न्हावाशेवा मार्गावर २०२४ च्या जानेवारीत खुला झालेला अटल सेतू. कळव्याचा तो पूल, समुद्रावरचा तो सेतू, असा एक उच्चनीच भेद ह्यातून तयार झाला आहे. मला तो पटत नाही, कारण सेतू हा शब्द मुळात फार साधा आणि मातीचा आहे. सि म्हणजे बांधणं, त्यापासून सेतू. ऋग्वेदात त्याचा अर्थ बंधन असा आहे. अमरकोशात सेतूचा अर्थ दिला आहे तो आली, म्हणजे शेताचा बांध. पाणी अडवणारा, एकाचं वावर दुसऱ्याच्या वावरापासून वेगळं राखणारा मातीचा उंचवटा. छांदोग्य उपनिषदात आत्म्याला सेतू म्हटलं आहे, ते लोक एकमेकांत मिसळून जाऊ नयेत म्हणून त्यांना धरून ठेवणारा ह्या अर्थाने. आपण पुलाला सेतू म्हणतो तेव्हा जोडणारा हा अर्थ मनात असतो. जुन्या ग्रंथांत सेतू अनेकदा वेगळं ठेवणारा आहे.

मराठी बांधाकडे पाहिलं की हे कोडं आपोआप सुटतं. बांध म्हणजे दोन शेतांची हद्द, पाणी अडवणारी भिंत, आणि चिखलाच्या दिवसांत गावकऱ्यांची चालायची वाटही. पावसात भात लावायच्या वेळी खाचरातून कोणी चालत नाही, बांधावरूनच जातो. जो वेगळं करतो त्याच्यावरूनच एकमेकांकडे जाता येतं. सेतू ह्या शब्दाने हा सगळा प्रवास केला. आधी बंधन, मग बांध, मग बांधावरची वाट, मग पाण्यावरची वाट. सीमा आणि पूल हे आपल्याला एकमेकांचे विरोधी वाटतात. शब्दांच्या इतिहासात ते एकाच मातीच्या ढिगाचे दोन उपयोग आहेत.

यास्काने तर निरुक्तात सीमा हा शब्द शिवण्याच्या क्रियापदाशी जोडला आहे. दोन प्रदेशांची शिवण ती सीमा. आजचे भाषाशास्त्रज्ञ ही व्युत्पत्ती जशीच्या तशी घेणार नाहीत. पण कापडाच्या दोन तुकड्यांना शिवण वेगळंही दाखवते आणि धरूनही ठेवते, हे त्याने पाहिलं, आणि सीमेबद्दल इतकं नेमकं निरीक्षण मी दुसरीकडे वाचलेलं नाही. केसांच्या भांगाला संस्कृतात सीमंत म्हणतात, तोही ह्याच पाहण्यातून.

पूल नव्हते तेव्हा ठाण्याची खाडी होडीने ओलांडत. कोकणात होडीने खाडी पार करायच्या जागेला तर म्हणतात. तॄ म्हणजे तरणं, पार जाणं. त्यापासून तर, तारू, तीर, आणि तीर्थही. तीर्थ म्हणजे मुळात नदी ओलांडायची जागा, पावित्र्य तिला नंतर आलं. उतारू हा शब्द तिथलाच. उत्तरणं म्हणजे पाण्यातून पलीकडे निघणं, आणि जो उतरतो तो उतारू. आगगाडी आली तेव्हा तिच्यात बसणाऱ्याला मराठीने हाच शब्द दिला. गाडीत चढणाऱ्याला उतरणारा म्हणावं, हे वरवर चमत्कारिक दिसतं. पण होडीत बसलेल्याचं सगळं लक्ष पलीकडच्या काठावर पाऊल ठेवण्याकडे असतं. डोंबिवलीच्या गर्दीतल्या माणसाचंही तेच असतं, तेव्हा शब्द बरोबरच आहे.

काठावर उतरलं की पुढे नाका. ठाण्याइतके नाके कुठल्या शहरात असतील? टेंभी नाका, तीन हात नाका, कापूरबावडी नाका, मुलुंडचा चेकनाका. नाका म्हणजे वाट अडवून कर घ्यायची जागा, आणि तो कर म्हणजे जकात. अरबीत झकात म्हणजे धर्माने सांगितलेला दानाचा वाटा, आपल्याकडे येईतो तो मालाच्या गाडीवरचा कर झाला. मुंबई इंग्रजांकडे गेल्यावरही ठाणे आणि करंजा पोर्तुगीजांच्या हातात होते, आणि कल्याणच्या बाजूने ये-जा करणाऱ्या मालावर ते ठाण्याला कर घेत. त्यावरून दोघांची वर्षानुवर्षं भांडणं चालली. मुंबईतली जकात २०१७ च्या जुलैत जीएसटी आल्यावर संपली, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या वेशीवरच्या नाक्यांवरून हलक्या गाड्यांचा टोलही गेला. म्हणजे ठाणे आणि मुंबई यांच्या मधल्या वाटेवरचं कर घेण्याचं कोणतं ना कोणतं रूप साडेतीनशे वर्षं चालत आलं आहे.

हद्द आणि सरहद्द हे सीमेचे अरबी-फारसी शब्द. हद्द अरबी, सर फारसी. मराठीने हद्दीला आपलंसं करून टाकलं आहे. हद्द झाली, बेहद्द, हद्दपार. हद्दपार ह्या एका शब्दात अरबी आणि संस्कृत हातात हात घालून उभे आहेत. कल्याण-डोंबिवलीत हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे तो सत्तावीस गावांमुळे. १९८३ साली महापालिका झाली, २००२ साली ही गावं हद्दीबाहेर गेली, २०१५ साली परत आली. शीव हा शब्द मात्र ह्या वादात कोणी वापरत नाही. शीव शेतकऱ्याची, हद्द सरकारची, अशी वाटणी भाषेने करून टाकली आहे.

ठाण्याच्या खाडीवरच्या त्या जुन्या सीमेची एक गोष्ट मात्र मराठी भाषेवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. इंग्रजांच्या हमीवर पेशव्यांकडे आलेले गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा १८१५ साली पंढरपुरात खून झाला. संशय बाजीरावाचा लाडका कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच्यावर होता. इंग्रजांनी दबाव आणून त्याला ताब्यात घेतलं आणि ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं. पेशव्यांच्या मुलखात ठेवणं धोक्याचं होतं, ठाणं कंपनीचं होतं. पहाऱ्यावर युरोपियन शिपाई होते. आणि तिथल्याच एका अधिकाऱ्याच्या पदरी एक मराठी मोतद्दार होता. तो आपल्या साहेबाचा घोडा फिरवताना त्रिंबकजीच्या खिडकीखालून जाई, येई, आणि गाणं म्हणे. पळून जायचा सगळा बेत त्या गाण्यात होता. शिपाई ऐकत होते, त्यांना मराठी येत नव्हतं. १८१६ च्या सप्टेंबरात त्रिंबकजी किल्ल्यातून निसटला. ग्रँट डफने मराठ्यांच्या इतिहासात ही हकिकत दिली आहे, आणि बिशप हेबरनेही तिची नोंद केली आहे. त्रिंबकजी कसा होता हा वेगळा विषय, त्याची बाजू मी घेणार नाही. पण ठाण्याच्या किल्ल्यात त्या वेळी दोन सीमा होत्या. एक खाडीची, ती पहारेकऱ्यांना दिसत होती. दुसरी भाषेची, ती त्रिंबकजीच्या खिडकीखालून रोज ये-जा करत होती. तो किल्ला आज मध्यवर्ती कारागृह आहे.

१८१७ ला सीमा गेली. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे आगगाडी आली हे शाळेत सगळे शिकतात. पण माझ्या मते खरा पराक्रम पुढच्या वर्षीचा आहे. १८५४ च्या मे महिन्यात गाडी खाडी ओलांडून कल्याणला पोचली. त्यासाठी खाडीत दगडी कमानींचा पूल उभारावा लागला, आणि तो भारतातल्या रेल्वेच्या अगदी पहिल्या पुलांपैकी. बाजीरावाने सही केल्यापासून तो पूल होईपर्यंत ३७ वर्षं गेली. ज्याने तरुणपणी ह्या पाण्यापलीकडे दुसरं राज्य पाहिलं होतं, त्याला म्हातारपणी त्यावरून गाडीत बसून जाता आलं असणार. कमानीचा पूल पाहिलेल्या त्या पिढीला शीव म्हणजे काय आणि पूल म्हणजे काय हे दोन्ही एकाच आयुष्यात कळलं.

आता खाडीवर आणि उल्हास नदीवर पूल वाढतच आहेत. कल्याणला दुर्गाडीजवळचे, ठाण्याहून भिवंडीकडे जाणारा कशेळीचा, डोंबिवलीचा मोठागाव ते माणकोली हा २०२४ साली सुरू झालेला. माणकोलीच्या पुलाने डोंबिवलीकरांना ठाणं एकदम जवळ आलं. त्या पुलाच्या कडेला रेतीबंदर आहे, आणि बंदर हाही फारसीचाच. खाडी हा शब्द मात्र आपला. हिंदीवाले बंगालच्या उपसागराला बंगाल की खाड़ी म्हणतात. मराठीत खाडी म्हणजे भरतीचं पाणी आत येतं तो अरुंद फाटा, समुद्राचा विस्तार त्यात बसत नाही. ज्यांच्या दारात रोज दोनदा पाणी चढतं आणि उतरतं, ते ह्यात गोंधळ करणार नाहीत. चेंदणीच्या कोळीवाड्यात विचारून पाहा.

कळव्याच्या पुलावर एक पाटी लागावी अशी माझी फार इच्छा आहे. तिच्यावर १७८२ ते १८१७ एवढे आकडे पुरे, आणि खाली एक शब्द, शीव. वाचणाऱ्याला प्रश्न पडेल, तो घरी जाऊन विचारेल.

कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यावर नवरात्रात मोठी जत्रा भरते. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी घेतली, आणि ह्या किल्ल्याच्या आसऱ्याने आरमाराची जहाजं बांधली गेली. वरून खाडी दिसते, पूल दिसतात. नवरात्र संपलं की दसरा, आणि दसऱ्याचं मुख्य काम सीमोल्लंघन. पेशवाईत त्या दिवशी फौजा मोहिमेला निघत. गावात लोक शिवेपर्यंत जाऊन आपट्याची पानं घेऊन येत. ह्या भारदस्त संस्कृत शब्दाचं खेड्यापाड्यांत शिलंगण झालं. सीमोल्लंघन म्हणताना जीभ अडखळते, शिलंगण म्हणताना चालू लागते. शब्दकोशात शिलंगण अजून आहे, शहरातून मात्र तो जवळपास गेला. सोनं वाटायला आपण जातो, शिलंगणाला जात नाही.

लग्नातलं सीमांतपूजनही ह्याच शिवेवरचं. वराकडची मंडळी गावाच्या सीमेपाशी आली की वधूचे आईवडील तिथे जाऊन नवरदेवाचं पूजन करत आणि मग त्याला गावात आणत. परक्या मुलखातून आलेल्या माणसाला हद्दीवर थांबवण्याऐवजी त्याचे पाय धुवायचे, असा हा विधी. आता तो लग्नाच्या आदल्या संध्याकाळी कार्यालयात होतो आणि सीमा डोळ्यांसमोर नसते. त्यामुळे शब्दही घसरला. ठाण्या-कल्याणच्या कितीतरी पत्रिकांवर श्रीमंतपूजन असं छापलेलं असतं. ह्या विधीचा पैशाशी काही संबंध नाही, आणि वराला श्रीमंत म्हणून ओवाळायचंही नसतं. पत्रिका छापायला द्याल तेव्हा कच्ची प्रत एकदा तपासा, आणि तिथे सीमांतपूजन असं करून घ्या.